गोड्या पाण्याचे बेट

चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट, ही व्याख्या शाळेत शिकवली जाते आणि ती चूक नाही. मात्र कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला ती अपुरी वाटेल, कारण भोवतीचे पाणी खारे असते, ते पिता येत नाही, आणि म्हणून एखाद्या बेटावर माणसाने घर बांधावे की नाही हे शेवटी त्या बेटाच्या पोटातले गोडे पाणी ठरवते. मुंबईच्या उत्तरेस असलेला वसईचा पश्चिम भाग असेच एक बेट होते. दक्षिणेला उल्हास नदी जिथे समुद्राला मिळते ती वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला या भूमीला तुंगारेश्वराच्या डोंगरांपासून वेगळी करणारी सोपाऱ्याची खाडी, अशी त्याची चौकट होती. पूर्वेची खाडी काळाच्या ओघात गाळाने भरत गेली, तिच्यावरून रस्ते आणि रूळ गेले, आणि आजच्या नकाशावर पाहणाऱ्याला तिथे बेट दिसत नाही. तरीही पापडी, सांडोर, गिरीज, गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या गावांतून सावकाश फिरणाऱ्याला नारळी-केळीच्या वाड्या, वाड्यांमधून वर आलेले चर्चचे पांढरे मनोरे, वळणावळणावर हार घातलेले क्रूस आणि विहिरीच्या काठाने जाणाऱ्या अरुंद वाटा पाहताना आपण एका बेटावर आलो आहोत अशी खूण पटत राहते. उष्ण कटिबंधातील ख्रिस्ती बेटे पाहण्यासाठी सेशेल्स किंवा फिलिपिन्सचा विचार करणाऱ्या पनवेलकराला हे माहीत असणे अगत्याचे आहे की तसे एक बेट त्याच्यापासून एका सावकाश गाडीच्या अंतरावर आहे आणि ते मराठी बोलते.

ती गाडी खरोखरच सावकाश आहे. पनवेल स्थानकातून दिवा–वसई मार्गाने जाणारी ही गाडी दिवसातून मोजक्याच फेऱ्या करते आणि मुंबई शहराला वळसा घालून सुमारे दोन तासांत वसई रोडला पोहोचते. कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोज्याचे कारखाने, भिवंडीची गोदामे असा उद्योगाचा सलग पट्टा खिडकीतून सरकत राहतो. भिवंडी मागे पडली की त्याची वीण सैल होते, भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाजणे आणि तिवरांची दाट झाडी दिसू लागते, आणि जूचंद्रच्या आसपास मिठागरांचे चौकोन येतात. वाटेत खारबाव नावाचे एक छोटे स्थानक लागते. या नावाकडे बहुतेक प्रवाशांचे लक्ष जात नाही. ते एका दमात उच्चारले जाते आणि गाडी पुढे निघते.

पनवेलहून निघालेल्या माणसाला या प्रवासाची एक पूर्वतयारी त्याच्या गावानेच करून दिलेली असते. जुने पनवेल हे तळ्यांचे गाव आहे. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे ही तळी खाडीकाठच्या या बंदराला गोडे पाणी मिळावे म्हणून राखली गेली आणि गावाची वस्ती त्यांच्या आधाराने वाढली. त्यांतल्या एका तळ्याला इस्रायल तलाव म्हणतात. बेने इस्रायल, म्हणजे कोकणात अनेक शतके राहून मराठी बोलू लागलेला ज्यू समाज, पनवेलमध्येही नांदला आणि एकोणिसाव्या शतकात उभे राहिलेले त्यांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर आजही गावात आहे. समुद्रावरून आलेली श्रद्धा इथल्या मातीत रुजते, इथले कपडे घालते आणि इथल्या भाषेत देवाला हाक मारते, हा अनुभव पनवेलला नवा नाही. वसईत तोच अनुभव अधिक विस्ताराने, गावेच्या गावे व्यापून समोर येतो.

वसईची ओळख बहुतेक प्रवासी किल्ल्यापासून करून घेतात, पण या भूमीचे मर्म किल्ल्याच्या तटापेक्षा वाडीतल्या पाण्यात आहे, आणि म्हणून आधी ते पाणी समजून घ्यावे लागते. या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो किनाऱ्याच्या वाळूत आणि गाळात मुरतो, आणि गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे जमिनीखाली समुद्राकडून आत शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर ते तरंगत राहते. मधोमध जाड आणि कडांना पातळ असा त्याचा आकार होत असल्याने भूजलाचे अभ्यासक या साठ्याला भिंग म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी नेदरलँड्स व जर्मनीतील अभियंत्यांनी या भिंगाचा जो नियम मांडला तो गायबेन–हर्झबर्ग या नावांनी ओळखला जातो: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर तिच्या खाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असते. हा नियम ऐकायला आश्वासक वाटतो. पण उलट बाजूने वाचला की त्याची गंभीरता कळते. वरची पातळी उपशाने एक मीटरने उतरली, तर कालांतराने खालचे खारे पाणी चाळीस मीटर वर चढू शकते. बेटावरचे गोडे पाणी असे फार मोजक्या तोलावर उभे असते, आणि तो तोल पाणी किती आहे यापेक्षा ते कोणत्या वेगाने उपसले जाते यावर अवलंबून असतो.

वसईच्या शेतकऱ्याने हा नियम पुस्तकातून शिकला नव्हता. त्याने तो बावखलात उतरवला होता. बावखल म्हणजे वाडीत खणलेले, विहिरीपेक्षा रुंद आणि तलावापेक्षा लहान असे गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे वाहून जाणारे पाणी त्यात साठते, हळूहळू भोवतालच्या विहिरींकडे झिरपते, उन्हाळ्यात वाडीला ओलावा देते आणि खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नाही. काठावरची झाडे मुळांनी माती धरून ठेवतात, पाण्यात मासे वाढतात, आणि पूर्वी या पाण्यावर रहाट चाले. रहाट म्हणजे जनावराच्या फेऱ्यांनी फिरणारे चाक, ज्यावर गाडग्यांची माळ बांधलेली असते. एक गाडगे भरून वर येते, पन्हाळीत रिते होते आणि पुन्हा खाली जाते. त्या चाकाला जनावराच्या चालीपेक्षा वेगाने फिरता येत नसे, आणि त्याच्या या संथपणातच बेटाची सुरक्षितता होती, कारण गाडग्यांनी उपसलेले पाणी पुन्हा झिरपून यायला अवधी मिळत असे. रहाटाची गती ही वसईच्या जीवनाची मूळ लय होती असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

हीच समज जगाच्या दुसऱ्या टोकाला, प्रशांत महासागरातील किरिबाती या द्वीपराष्ट्रातही आढळते, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे. तिथली बहुसंख्य प्रजा ख्रिस्ती आहे, जमीन प्रवाळांनी बनलेली आणि समुद्रापेक्षा जेमतेम उंच आहे, आणि पिण्याचे पाणी अशाच तरंगत्या भिंगातून मिळते. तिथले लोक त्या भिंगाला लागेपर्यंत जमिनीत खोल खड्डे खणतात आणि त्यांत अळूच्या कुळातील बाबाई नावाचे कंद वर्षानुवर्षे वाढवतात. वसईचे बावखल आणि किरिबातीचा बाबाईचा खड्डा यांना एकमेकांची वार्ता नव्हती. दोन दूरच्या बेटांनी एकच प्रश्न आपापल्या फावड्याने सोडवला होता.

पाण्याचा हा तोल मनाशी धरून किल्ल्याकडे गेलेल्या माणसाला तिथले भग्नावशेष वेगळे दिसतात. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने केलेल्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, पुढे किल्ल्याची तटबंदी उभी राहिली, आणि दोन शतके हे शहर पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे, म्हणजे चौल ते दमणपर्यंतच्या किनारी मुलखाचे, मुख्य ठाणे होते. फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि डॉमिनिकन या ख्रिस्ती संन्याशांच्या संघांनी तटाच्या आत चर्च आणि मठ बांधले, शहराचे मुख्य चर्च संत जोसेफच्या नावाने उभे राहिले, आणि इथला काळा दगड जहाजांतून गोव्याला गेला. जुन्या गोव्यातील बाँ जेझुस बॅसिलिकेच्या दर्शनी भागाचे कोरीव काम वसईहून नेलेल्या दगडात आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी हा किल्ला जिंकला आणि पोर्तुगीजांना सन्मानाने निघून जाऊ दिले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला त्यावरही वसईचेच नाव कोरले गेले. आज छत हरपलेल्या चर्चच्या कमानींतून आकाश दिसते, भिंतींच्या भेगांत वडपिंपळ रुजले आहेत, आणि जवळच नागेश्वराच्या व वज्रेश्वरीच्या देवळांत नित्य पूजा चालते.

विजयानंतर वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी देशावर नेल्या. भीमाशंकर, वाईजवळचे मेणवली आणि नाशिकचे नारोशंकराचे देऊळ इथे आजही त्या प्रकारच्या पोर्तुगीज घंटा टांगलेल्या आहेत. विजयचिन्ह म्हणून निघालेल्या या घंटा देवळांत पोहोचल्यावर मात्र पुन्हा प्रार्थनेच्याच कामाला लागल्या, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे. ओतलेल्या धातूला धर्म नसतो, पण त्याला एक काम असते, आणि ते काम त्याने ठिकाण बदलल्यावरही सोडले नाही. किल्ल्यातील रित्या मनोऱ्याखाली उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला जाणवते की इथली शांतता अपुरी आहे. इथल्या घंटेचा नाद सह्याद्रीच्या कुशीत, त्याने स्वतः अनेकदा दोरी ओढून घुमवलेल्या घंटेत, आधीच त्याच्या कानांवर पडून गेलेला आहे.

किल्ल्यातील जेझुइट चर्च मात्र वर्षातून एकदा पुन्हा माणसांनी भरते, आणि तो सण संत गोन्सालो गार्सिया यांचा असतो. सोळाव्या शतकाच्या मध्यात वसईत पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी जन्मलेले गोन्सालो तरुणपणी जपानला गेले, तिथे व्यापारात स्थिरावले, पुढे फिलिपिन्समधील मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात व्रतस्थ बंधू झाले, आणि जपानी भाषा येत असल्याने दुभाषी म्हणून परत जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह त्यांना क्रुसावर चढवून मारण्यात आले, आणि १८६२ मध्ये पोपने त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत होत. या आयुष्यात वसईकराला सर्वांत जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्यांचे दुभाषीपण. दोन भाषांच्या घरात वाढलेला हा मुलगा तिसऱ्या भाषेत लोकांच्या कामी आला, आणि त्याचे बेट पुढे चार शतके हेच करत राहिले.

वसईच्या ख्रिस्ती समाजाची घडण समजून घेताना काही नावे आधी स्पष्ट करावी लागतात. उत्तरेकडील गावांत सामवेदी ख्रिस्ती राहतात, ज्यांना कुपारी असेही म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज कोंपाद्रे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या निमित्ताने जोडला गेलेला सोयरा, यावरून आला असे मानले जाते. त्यांच्या बोलीला कादोडी किंवा सामवेदी म्हणतात आणि ती मराठीची एक जुनी, स्वतंत्र चालीची बोली आहे. दक्षिणेकडील गावांत वाडवळ ख्रिस्ती आहेत, ज्यांचे मूळ नाव वाडी पिकवणारा या अर्थाचे आहे, आणि खाडीमुखांवर कोळी ख्रिस्ती आहेत. ठाणे, मुंबई आणि वसई या पट्ट्यातील मूळच्या ख्रिस्ती लोकांसाठी वापरले जाणारे ईस्ट इंडियन हे नाव १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून वेगळेपण दाखवण्यासाठी घेतले गेले. या सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी की सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची बोली एकच आहे, वाडवळ हिंदू आणि वाडवळ ख्रिस्ती यांचीही एकच आहे. तुस्कानो, लोपीस, घोन्सालवीस, परेरा, डिमेलो या आडनावांची माणसे वाडीच्या बांधावर शेजारच्या हिंदू शेतकऱ्याशी बोलू लागली, की केवळ कानाने त्यांचा धर्म ओळखता येत नाही.

हे असेच घडायला हवे होते असे नाही, आणि त्याचा पुरावा पनवेलच्याच रायगड जिल्ह्यात आहे. चौलजवळच्या कोर्लई गावात पोर्तुगीज निघून गेल्यावरही तिथल्या ख्रिस्ती वस्तीने पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली आपली बोली जपली, आणि आजही सुमारे हजारभर माणसे ती घरात बोलतात. कोर्लईने शब्द पोर्तुगीज ठेवले. वसईने देव नवा घेतला आणि शब्द जुने ठेवले. दोन्ही वस्त्यांची निष्ठा सारखीच आदराला पात्र आहे. तरीही वसईच्या बाबतीत असे म्हणावेसे वाटते की इथे नवी श्रद्धा जुन्या भाषेवर अलगद तरंगत राहिली, खाऱ्या पाण्यावर गोडे पाणी तरंगावे तशी, आणि कोणीही वरून जोराने उपसा न केल्यामुळे दोन्ही थर आपापल्या जागी टिकले. उलट दिशेने पोर्तुगीजचे अनेक शब्द साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झिरपले: पाव, बटाटा, काजू, अननस, पगार, साबण, चावी, बादली, तुरुंग आणि नाताळ हे शब्द वापरताना आज कोणाही मराठी माणसाला परकेपणा जाणवत नाही.

या भाषानिष्ठेला लिखित परंपराही आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा मराठी ओवीत रचल्या आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. तरीही चर्चमधील मिस्सा, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरस अर्पण करण्याची मुख्य उपासना, त्यानंतर साडेतीन शतके लॅटिनमध्येच होत राहिली. १९६२ ते १९६५ या काळात रोमला भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत उपासनेची वाट मोकळी केली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली. त्या पिढीचे सर्वांत ठळक नाव म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनी सुवार्ता हे मासिक दीर्घकाळ संपादित केले, बायबलचे सुबोध बायबल हे मराठी रूप सिद्ध केले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. संमेलनाच्या व्यासपीठावर एक कॅथलिक धर्मगुरू मराठीच्या वतीने बोलण्यासाठी उभा राहिला, तेव्हा ज्यांना ते नवल वाटले त्यांनी वसई पाहिली नव्हती. ज्यांनी ती पाहिली होती त्यांना ते उशिरा झालेले एक स्वाभाविक काम वाटले.

भाषेइतकाच जुना थर विधींत दिसतो. ईस्ट इंडियन लग्नांत उंबराचे पाणी नावाचा एक विधी असतो: लग्नाच्या आदल्या दिवशी आप्तस्वकीय वाजतगाजत विहिरीवर जातात, तिथून पाणी भरून आणतात आणि त्या पाण्याने वधूला किंवा वराला न्हाऊ घालतात. चर्चमधला विवाहसंस्कार दुसऱ्या दिवशी होतो, पण त्याची सुरुवात गावाच्या विहिरीपाशी झालेली असते. ऑक्टोबरच्या आरंभी आगेरा हा सण येतो. शेत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले असून त्या दिवशी भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वादित केल्या जातात, आणि दसऱ्याच्या सुमारास कोकणातील हिंदू घरांच्या दारावर लागणाऱ्या भाताच्या लोंब्यांच्या तोरणांतून जी कृतज्ञता दिसते तीच वेदीसमोर व्यक्त होते. विहिरीचे पाणी आणि शेताचे धान्य यांना साक्षी ठेवल्याशिवाय या भूमीत कोणताही देव पूर्णपणे घरचा होत नाही.

स्वयंपाकघरातही हीच रीत आहे. आगाशी परिसरातील सुकेळी हा त्याचा उत्तम नमुना आहे: राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून, अनेक दिवस उन्हात वाळवली जातात आणि रोज रात्री झाकून ठेवली जातात, तेव्हा मधासारख्या रंगाचा, महिनोन्‌महिने टिकणारा गोडवा तयार होतो, ज्यात वरून साखरेचा कणही घातलेला नसतो. ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात होणारा बाटली मसाला वीस-पंचवीस जिन्नस निवडून, वाळवून, भाजून, कुटून काळ्या बाटल्यांत ठासून भरला जातो आणि वर्षभर पुरवला जातो. नाताळला आणि लग्नाला मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोल, पोकळ फुगे तळले जातात. या पदार्थांत कुठे ऊन असते, कुठे आंबवण आणि सगळीकडे वाट पाहणे, आणि त्यांपैकी एकही बाजारात विकत मिळत नाही.

या बेटावरचा पाण्याचा तोल ढळला तो वेगामुळे. १९८० च्या दशकात पश्चिम रेल्वेच्या लगत वसई, नालासोपारा, विरार येथे इमारती झपाट्याने उभ्या राहू लागल्या, त्यांना पाणी पुरवायला सार्वजनिक व्यवस्था पुरी पडेना, आणि गावांतील विहिरींचे पाणी पंपांनी उपसून टँकरने शहराकडे जाऊ लागले. रहाटाच्या जागी पंप आला तेव्हा भिंगाच्या नियमाने आपले काम केले: किनाऱ्याजवळच्या विहिरी खाऱ्या होऊ लागल्या आणि केळीच्या व पानवेलींच्या बागा सुकू लागल्या. दशकाच्या अखेरीस फादर दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि हिंदू-ख्रिस्ती शेतकरी, स्त्रिया आणि तरुण एकत्र येऊन पाण्याच्या उपशाविरुद्ध आणि बेबंद बांधकामाविरुद्ध लढले. धर्मगुरूने पाण्यासाठी रस्त्यावर उतरावे यात कोणाला विसंगती वाटली असेल, पण बेटावर गोडे पाणी राखणे हे उपासनेपासून वेगळे काढता येत नाही. ज्या विहिरीच्या पाण्याने वधूला न्हाऊ घालायचे तीच खारी झाली तर तो विधी कोणत्या पाण्याने करावा, हा प्रश्न अगदी शब्दशः धर्माचा होता. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली तेव्हाही आपल्या गावांचे गावपण राखावे म्हणून इथल्या अनेक गावांनी आग्रहाने आंदोलन केले. शहराला पाणी आणि घरे हवी असतात हे खरे आहे, आणि तिथे राहायला आलेल्या लाखो कष्टकरी कुटुंबांचा त्यात दोष नाही. दोष त्या घाईचा आहे जी बावखल बुजवते आणि त्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीसाठी दूरच्या धरणाचे पाणी मागते.

पनवेलहून आलेल्या माणसाला हे सारे दुसऱ्याचे दुःख म्हणून ऐकता येत नाही. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली, तेव्हापासून पनवेल तालुक्यातील भातखाचरांचे आणि खाजणांचे रूपांतर नगरांत होत आले. तिथल्या नव्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट केली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि गावे उठवली गेली. १८५२ पासून नगरपालिका असलेल्या जुन्या गावाची २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. अशा गावातून आलेला प्रवासी वसईच्या वाडीत बावखलाच्या काठी उभा राहतो, तेव्हा त्याला दुसऱ्याचे वैभव आणि स्वतःकडून राहून गेलेली गोष्ट एकाच वेळी दिसते, आणि आपल्या गावातल्या तळ्यांकडे आपण कितीदा नीट पाहिले, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो.

म्हणूनच वसई पाहण्याची रीतही महत्त्वाची ठरते. सकाळी किल्ला, दुपारी जेवण, संध्याकाळी समुद्रकिनारा आणि रात्री परत, अशी सहल पंपासारखी असते. ती थोड्या वेळात पुष्कळ उपसते आणि तळाशी चव बदललेली असते. सावकाश आलेला पाहुणा रहाटासारखा असतो. तो एका गावात थांबतो, चर्चच्या आवारातील मराठी शिलालेख वाचतो, वाडीच्या मालकाने परवानगी दिली तरच आत जातो, लाल लुगड्यातील एखाद्या आजीबाईंचे कादोडी बोलणे अर्धे समजून अर्धे न समजता ऐकतो, आणि कळले नाही ते पुढच्या वेळेसाठी शिल्लक ठेवतो. पाहुण्याने सगळे पाहून न संपवणे हा बेटाचा आदर आहे.

अशा सहलीचा शेवट अर्नाळ्याला व्हावा. वैतरणेच्या मुखाशी असलेल्या या लहानशा बेटावर होडीने काही मिनिटांत पोहोचता येते. तिथे मराठ्यांच्या काळातील किल्ला आहे, कोळ्यांची वस्ती आहे, आणि तटाच्या आत पायऱ्यांनी उतरावे अशी एक अष्टकोनी, गोड्या पाण्याची विहीर आहे. तटावर उभे राहिले की चहूकडे खारे पाणी दिसते, आणि खाली विहिरीत डोकावले की त्या साऱ्या खारेपणाच्या मधोमध पावसाने ठेवलेले गोडे पाणी स्थिर असते. वसईत दिवसभर जे विखुरलेले दिसले, ते बावखल, ती बोली, ते लग्नाचे पाणी, ते उन्हात वाळणारे केळे, या एका विहिरीत एकत्र आल्यासारखे वाटते.

परतीच्या गाडीत तीच स्थानके उलट क्रमाने येतात. मिठागरे अंधारात मागे जातात आणि खारबावचा फलक दिव्यात उजळून निघतो. सकाळी एका दमात उच्चारलेले हे नाव आता दोन शब्दांत उघडते: खार, म्हणजे खारी जमीन, आणि बाव, म्हणजे विहीर. ज्यांनी खाऱ्या जमिनीत विहीर खणली आणि तिच्या पाण्याइतकेच तिचे नावही राखले, त्यांची सारी शहाणीव त्या फलकावर चार अक्षरांत लिहिलेली असते. गाडी थोडा वेळ थांबते, आणि पुढे पनवेलकडे, तळ्यांच्या गावाकडे, आपल्या सावकाश गतीने निघते.